केमो चालू असताना अंडाशयांचं ऑपरेशन : माझा अनुभव

जठराचा कॅन्सर, चौथी स्टेज. ऑक्झालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधांवर माझं बरं चाललं होतं. फ्रीजमधल्या भांड्याला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या, पण घास खाली उतरत होता आणि स्कॅनमध्ये जठराची सूजही उतरलेली दिसली. त्याच स्कॅनमध्ये दोन्ही अंडाशयं मात्र वाढली होती. पुढे पोट असं फुगलं की सलवारीची नाडी बांधवेना, आडवं पडलं की दम लागायचा.

जठरातून अंडाशयात पसरलेल्या या गाठींना क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात. क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, पण त्या अंडाशयातच उगवतात असं त्यांना वाटलं होतं. जठर औषधाला दाद देतं आणि अंडाशयं देत नाहीत, असं पुष्कळदा होतं. मला वाटलं, औषध हरलं, आता संपलं. तसं नव्हतं.

सर्जनना मी सरळ विचारलं, "डॉक्टर, हे ऑपरेशन कशासाठी?" ते म्हणाले, "ताई, आजार मुळापासून जाणार नाही. पोटावरचा दाब जाईल, तुम्ही जेवाल, पुढची केमो झेपेल." या उत्तरानेच माझा निर्णय झाला. अशा वळणावर असलेल्या प्रत्येकीने हे विचारावंच.

केमो थांबवली तेव्हा जीव धास्तावला. मधल्या काळात आजार वाढला तर? पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर आल्याशिवाय सुरी लावता येत नाही. त्या दिवसांत जाऊबाईंनी मुगाचं कढण आणि अंड्याचा पांढरा बलक थोडा थोडा करून दिवसभर भरवला. त्यांचं ऋण मोठं आहे.

दोन्ही अंडाशयं, नळ्या आणि गर्भपिशवी काढली, पोटातलं पाणीही. शुद्धीवर आल्यावर टाके ठणकत होते, तरी श्वास पोटभर घेता आला. पाळी एका दिवसात कायमची गेली. रात्री अंगातून वाफा, घाम, चिडचिड. याची तयारी आधीच करून घ्यायला हवी, घरच्यांचीसुद्धा.

काढलेल्या अंडाशयांच्या तपासणीत सिग्नेट रिंग पेशी (खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी) निघाल्या, म्हणजे जठराचाच आजार. आता औषध बदललंय. पॅक्लिटॅक्सेल सुरू झालंय. त्याच्या जोडीचं औषध रामुसिरुमॅब, त्याने जखम भरायला उशीर होतो, म्हणून ते टाका पूर्ण भरल्यावर देणार आहेत.