कॉलेजात कोणी बोलवायला येत नाही

बारावीचा निकाल लागला की बडोद्याहून माझ्याकडे मेसेज यायला लागतात. कुणाच्या मुलीचं तिथल्याच एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत नक्की झालंय, कुणाचा मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालाय. मी इथे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात पदवीच्या मुलांना सल्ला देण्याचं काम करते, कोणते कोर्स घ्यावेत इथपासून ते नापास झाल्यावर पुढे काय इथपर्यंत, त्यामुळे लोकांनी मला विचारणं साहजिकच आहे. पण प्रश्न बहुतेक सामानाचे असतात. कुकर न्यावा का, गरम कपडे तिकडे जाऊन घ्यावेत का, भाकरवडी किती दिवस टिकते. ही माहिती कुठेही मिळते. मुलं अडकतात ती जागा वेगळीच असते, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातून स्कूटरवर एम. एस.ला जाणाऱ्या मुलाचीही तीच असते.

बारावीपर्यंत मुलाच्या मागे माणसं असतात. वर्गशिक्षक, ट्यूशनचे सर, दर रविवारची टेस्ट, सोमवारी आईच्या फोनवर येणारे मार्क. दोन दिवस दांडी पडली की घरी फोन जातो. कॉलेज सुरू झालं की हे सगळं एका दिवसात थांबतं, आणि थांबलंय हे मुलाच्या लक्षात यायला दीड-दोन महिने लागतात. कारण हे दीड-दोन महिने फार छान जातात! कोणी रागवत नाही, कोणी वही तपासत नाही, रोजचे तासही शाळेपेक्षा कमी. इथलं सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि ऑक्टोबरात मिडटर्म, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षा येतात. तिकडे बडोद्यात गरब्याच्या पासची धावपळ चालू असते, आणि इथे बारावीला नव्वदच्या वर असलेलं मूल चाळीसच मार्क पडलेला पेपर घेऊन माझ्यासमोर बसलेलं असतं. हुशारी कुठे गेलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात काहीतरी समजलेलं नसतं आणि ते कुणालाही विचारलेलं नसतं, बहुतेक वेळा इतकंच.

का विचारत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे, कारण मीही त्याच वातावरणात वाढले. शंका विचारणारा मुलगा ढ समजला जातो. सरांचा वेळ घेऊ नये, मोठ्यांना सारखा त्रास देऊ नये, आपलं आपण बघावं. हे संस्कार चांगल्या हेतूने झालेले असतात, घरात आणि नात्यात ते शोभतातही. पण कॉलेजात गप्प बसणाऱ्या मुलाला सगळं येतं असंच धरून चालतात. प्राध्यापक वाईट नसतात. त्यांच्यापर्यंत काही पोहोचलेलंच नसतं.

इथे प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास फक्त विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात. त्यांना ऑफिस अवर्स म्हणतात. त्या वेळात दार उघडं असतं आणि बऱ्याचदा आत कोणीही आलेलं नसतं. गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावर एका बडोद्याच्या मुलीला मी अशा दाराबाहेर पाहिलं. आत केमिस्ट्रीचे प्राध्यापक एकटे बसले होते, ही बाहेर भिंतीला टेकून फोनवर बोट फिरवत उभी. पाच मिनिटांनी ती तशीच परत निघाली. मी थांबवून विचारलं तर म्हणाली, "ताई, आत जाऊन काय बोलू? मला पहिल्यापासूनच नाही समजलेलं."

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देते. "मला काही समजत नाही" असं म्हणत आत जायचं नाही, कारण त्यावर समोरच्यालाही काही करता येत नाही. वही घेऊन जायचं. एक उदाहरण आपल्याला सुटेल तिथपर्यंत सोडवायचं, अडलो त्या ओळीखाली रेघ मारायची आणि वही समोर ठेवून सांगायचं, "प्रोफेसर, मी इथपर्यंत आले, ही पुढची पायरी कशी आली ते कळत नाही." चूक कुठे आहे हे प्राध्यापकाला त्या वहीवरूनच दिसतं, आणि ती बहुतेकदा दोन धडे मागे निघते. त्या मुलीच्या बाबतीत तसंच झालं, मोलची, म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाची, संकल्पनाच कच्ची राहिली होती. पंधरा मिनिटांत काम झालं. पुढे ती दर आठवड्याला जायला लागली. वेळेत क्लास आड येत असेल तर दोन ओळींची मेल करायची: मी अमुक वर्गात आहे, तुमच्या वेळेत मला दुसरा क्लास असतो, गुरुवारी दुपारी भेटता येईल का. मोठा मायना, माफी, प्रस्तावना, कशाचीच गरज नसते.

पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे त्या चार-सहा पानांत सगळा व्यवहार लिहिलेला असतो: गृहपाठाला १५ टक्के, छोट्या चाचण्यांना १०, दोन मिडटर्म प्रत्येकी २०, फायनल ३५, उशीर झाला तर किती मार्क कापणार, कोणती तारीख कशाची. प्रत्येक विषयाचे आकडे वेगळे. शेवटच्या महिन्यात रात्र-रात्र जागून बोर्डाची परीक्षा मारायची सवय इथे मोडते, कारण फायनलला बसेपर्यंत निम्म्याहून जास्त मार्क हातातून गेलेले असतात. सगळ्या विषयांच्या तारखा पहिल्याच रविवारी एका कॅलेंडरात उतरवून घ्या. ऑक्टोबरातल्या एकाच आठवड्यात तीन परीक्षा आहेत हे ऑगस्टमध्ये दिसलं तर त्याची सोय लावता येते.

वेळेचं गणितही आधी समजून घ्या. एका सत्रात साधारण १५ क्रेडिटचे विषय घेतात, म्हणजे आठवड्याला १५ तास वर्गात. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे ४५ तास झाले. त्यात कॅम्पसवरची नोकरी घेतली, आणि सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर तिची मर्यादा आठवड्याला २० तास आहे, तर ६५ होतात. पहिल्या सत्रात वीसच्या वीस तास काम करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाची ओढ मी समजू शकते. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. पण नापास झालेला विषय पुन्हा घ्यायचा तर त्याची फी पुन्हा भरावी लागते, आणि कमावलेलं त्यातच जातं.

एखादा विषय झेपत नसेल तर तो ठरलेल्या तारखेपर्यंत सोडता येतो. गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची खूण) लागतो, सरासरीला धक्का बसत नाही. मात्र व्हिसावर आलेल्या मुलांना १२ क्रेडिटच्या खाली जायचं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते. आधी परवानगी, मग विषय सोडणं. हा क्रम उलटा झाला तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो.

जर्नलबद्दल, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल, बोलायलाच हवं. आपल्याकडे एकाचं जर्नल सगळ्या वर्गात फिरतं, आणि न देणारा मुलगा स्वार्थी ठरतो. इथे देणारा आणि घेणारा दोघंही दोषी धरले जातात. एकत्र बसून चर्चा करायला बहुतेक विषयांत मुभा असते, लिहायचं मात्र ज्याचं त्याने. कुठपर्यंत मदत चालते आणि एआय वापरलेलं चालतं का, हे त्या-त्या सिलॅबसमध्ये असतं, नसेल तर विचारायचं. मैत्रीखातर वही देणारी गुणी मुलं चौकशीसमोर रडताना मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं.

लायब्ररीतही ऑफिस अवर्ससारखंच, विचारलं की मदत मिळते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात वाचनालयांचं जाळं उभारायला बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेतून बोलावून घेतलं होतं. त्या परंपरेतला ग्रंथपाल इथे काउंटरवर तुमचीच वाट पाहत असतो. निबंधाचा विषय सांगा, तो शेजारी बसून संदर्भ शोधायला शिकवतो. लेखन केंद्र आणि ट्यूटरिंगही बहुतेक ठिकाणी फीमध्येच धरलेलं असतं, वेगळे पैसे पडत नाहीत.

आता आईवडिलांसाठी. बडोद्याला रात्रीचे आठ वाजले की इथे सकाळचे साडेदहा (हिवाळ्यात साडेनऊ), आणि त्या सुमाराला माझ्या टेबलवरचा फोन वाजतो. पलीकडे कुणाचे तरी बाबा असतात. "मॅडम, मुलगा म्हणतो सगळं ठीक आहे. जरा मार्क बघून सांगता का?" मला सांगता येत नाही. अमेरिकेत १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा असतो, आणि त्याने लेखी संमती दिल्याशिवाय मी सहसा त्याचे मार्क परदेशातल्या आईवडिलांना सांगू शकत नाही, मग फी कोणी का भरलेली असेना. फोनवरचा तो आवाज ऐकून जीव तुटतो. म्हणून विमानात बसण्याआधी घरात हा विषय काढा. संमती द्यायची का, कशाची द्यायची, हे मुलाशी बोलून ठरवा. आणि दर फोनवर मार्कच विचारत बसू नका. या आठवड्यात कुठे अडलं, कोणत्या प्राध्यापकांना भेटलास, हे विचारा. मूल यावर खरं बोलतं, मार्कांवर बोलत नाही.

जी मुलं बडोद्यातच राहणार आहेत त्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. १९४९ साली स्थापन झालेल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे. गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेलं मूल कॉमर्सच्या भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर बसतं आणि भाषा समजत नाही म्हणून विषयही समजत नाही असं मानून घेतं. विषय समजत असतो. उद्याचा धडा आदल्या रात्री एकदा वाचा, त्यातले वीसेक शब्द वहीत काढा, अर्थ हवा तर गुजरातीत लिहा, मराठीत लिहा. दुसऱ्या दिवशी तेच शब्द सरांच्या तोंडून आले की व्याख्यान अंगावर येत नाही. पुढच्या तीन बाकांत बसा. तास संपल्यावर सर खोलीबाहेर पडेपर्यंतची दोन मिनिटं तुमची आहेत, प्रश्न गुजरातीत विचारला तरी कोणी परत पाठवणार नाही. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून क्रेडिट, मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय) हे तिथेही आलंय, तेव्हा कोणता विषय पुढे कुठे नेतो हे मित्राला विचारून ठरवू नका. विभागात जा. हंसा मेहता लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि पहिल्या महिन्यात निदान एका प्राध्यापकांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भेटा, अडचण नसली तरी. नाव सांगा, कोणत्या शाळेतून आलात ते सांगा, त्यांच्या विषयातलं काय आवडतं ते सांगा. पुढे खरोखर अडेल तेव्हा तेच दार पुन्हा वाजवणं जड जाणार नाही.