लोरियांचा नकाशा आणि आमची वाव

फ्रान्सच्या लोरियां शहरात जुनं असं फारसं काही उरलेलं नाही. १९४३च्या बॉम्बहल्ल्यांत ते जवळजवळ जमीनदोस्त झालं. म्हणून मी सकाळीच फेरीबोट पकडून खाडीच्या तोंडावरचा पोर-लुईचा किल्ला गाठला. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय या किल्ल्यात आहे. लोरियां या नावातच ‘पूर्व’ आहे. कंपनीने १६६६मध्ये इथे गोदी उभारली ती पूर्वेकडे, म्हणजे आपल्याकडे, जहाजं धाडायला.

मी इथवर आले ती द’आप्रे द मानविलेत या माणसासाठी. १७०७ सालचा जन्म, कंपनीचा कप्तान. हाताशी असलेल्या नकाशांवर जहाज सोपवणं किती धोक्याचं आहे, हे त्याने समुद्रावर पाहिलं होतं. सूर्याची उंची मोजून अक्षांश मिळायचा, त्यासाठी ऑक्टंट हे कोन मोजायचं नवं उपकरण त्याने लवकरच हाती घेतलं. रेखांशाचं मात्र अवघड. दिवसभरात जहाज किती चाललं याचा अंदाज बांधायचा, आणि प्रवाहाने तो चुकवला की किनाराच नकाशावर कोसन् कोस सरकायचा! १७४५मध्ये त्याने ‘नेप्त्यून ओरिएंताल’ ही हिंदी महासागराच्या नकाशांची पोथी छापली. एवढ्यावर तो थांबला नाही. कप्तानांच्या रोजनिश्या गोळा करत, ताडून बघत, दुरुस्त्या करत राहिला. नवी आवृत्ती निघाली १७७५मध्ये. तीस वर्षं! मला त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच वाटतो.

तिच्यातला गुजरात, कोंकण आणि कानडा किनाऱ्याचा नकाशा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मी घरी कितीदा तरी उघडून बघितला होता. इथे काचेखालचे असे जुने नकाशे बघताना नजर खिळली ती किनाऱ्यालगतच्या बारीक आकड्यांवर. ही पाण्याची खोली, ‘ब्रास’मध्ये. फ्रेंचमध्ये ‘ब्रा’ म्हणजे हात. दोन्ही हात पसरून दोरी ताणली की एक ब्रास. अहो, ही तर आमची वाव! हर्णैला मामा म्हणतो ना, “बारा वाव पाणी हाय,” तीच.

ते आकडे असे मिळायचे: दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी. ते तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटून वर यायचा. म्हणून नकाशात खोलीबरोबर तळही नोंदलेला असतो. धुक्यात किनारा दिसेनासा झाला तरी चिमूटभर वाळू बघून कप्तान आपण कुठे आहोत ते ताडायचा. मामाही जाळ्याला लागलेला चिखल बोटांत चोळून बघतो.

तटावर येऊन त्याला फोन लावला.

“मामा, वाव किती फुटांची असते रे?”

“फूटबीट काय विचारतेस गो? हात पसर. झाली वाव.”

समोर भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं. फोन खिशात ठेवला आणि मी दोन्ही हात पसरले.