रंगाला भुला, पण बूड बघा

ओहायोत आल्यापासून आमच्या शनिवारच्या सकाळी बऱ्याचदा एस्टेट सेलमध्ये जातात. घरातलं वडीलधारं माणूस गेलं किंवा लहान जागेत राहायला गेलं की मुलं अख्खं घर विक्रीला काढतात. दार सताड उघडं, अनोळखी माणसं खोल्याखोल्यांतून हिंडतायत आणि पलंगापासून चहाच्या गाळणीपर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. पहिल्यांदा हे बघताना पोटात कालवतं. पण माझे पाय हमखास वळतात ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. तिथे 1950-60च्या दशकांतली रंगीत काच मांडलेली असते: नारिंगी फुलदाण्या, मोरपिशी सुरया, जांभळे बाउल.

ही काच इथल्याच मातीतली. ओहायो नदीच्या दोन्ही तीरांवर नैसर्गिक वायू आणि चांगली वाळू मिळायची, म्हणून पलीकडच्या वेस्ट व्हर्जिनियात काचेचे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. मिल्टनला ब्लेन्को, न्यू मार्टिन्सव्हिलला व्हायकिंग, विल्यम्सटाउनला फेंटन. ब्लेन्को मुळात चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काच करायचे. पुढे विन्स्लो अँडरसन, वेन हस्टेड, जोएल फिलिप मायर्स असे एकामागून एक डिझायनर तिथे आले आणि सुरयांना लांब माना, उंच बुचं आणि धिटाईचे रंग आले.

अडचण अशी की यातल्या बहुतेक वस्तूंवर नावच नाही. ओळख होती ती कागदाच्या किंवा चकचकीत फॉइलच्या लेबलाची, आणि ते पहिल्या धुण्यातच निघून जायचं. ब्लेन्कोने 1950च्या दशकाच्या अखेरीस थोडीच वर्षं बुडावर नाव कोरलं. फेंटनचा लंबगोलातला ठसा 1970पासूनचा. म्हणून मी वस्तू हातात घेतली की आधी उलटी करते.

फुंकनळीवर फुगवलेल्या भांड्याचं तोंड घडवायचं, तर त्याचं बूड एका लोखंडी सळईला चिकटवून धरावं लागतं. काम झालं की सळई तोडून काढतात आणि तिथे व्रण राहतो. बोट फिरवलं की तो लगेच कळतो: कधी खडबडीत, कधी घासून गुळगुळीत केलेला. ब्लेन्कोच्या वस्तूंना तो बहुधा खडबडीतच असतो. व्रण नाही आणि अंगावर उभी शिवण दिसतेय, तर वस्तू साच्यातली. त्याच फळीवर इटलीतल्या एम्पोलीच्या हिरव्या बाटल्याही असतात. त्या काळी त्या इथे ढिगांनी आल्या, आणि घाईत बघितलं तर सगळ्या एकाच घराण्यातल्या वाटतात.

मग बुडाची झीज. पन्नास-साठ वर्षं फळीवर सरकत राहिलेल्या भांड्याला टेकण्याच्या कडेवर बारीक, वाटेल त्या दिशेचे ओरखडे पडतात. सगळे एकाच दिशेने आणि सारख्याच खोलीचे असतील तर ते मुद्दाम पाडलेत अशी मला शंका येते. ही खूण महत्त्वाची, कारण नुसत्या आकारावरून वय सांगता येत नाही. ब्लेन्कोची 384 क्रमांकाची पाण्याची बाटली 1938ची, आणि ती आजही बनते.

लाल-नारिंगी रंग मला सर्वांत प्रिय. सेलेनियम आणि कॅडमियम घातलेली ही काच भट्टीतून पिवळी निघते आणि पुन्हा तापवली की तापलेला भाग लाल होतो. त्यामुळे एकाच फुलदाणीत पिवळ्यापासून लालपर्यंतचा उतार दिसतो, आणि कोणत्याही दोन वस्तूंत तो सारखा नसतो. पुष्कळ जण अतिनील टॉर्च घेऊन येतात. युरेनियम असलेली काच त्या उजेडात भडक हिरवी चमकते. पण मँगनीजचीही काच फिकट हिरवी चमकते आणि कॅडमियमची पिवळी-नारिंगी. टॉर्च आत काय घातलंय याचा अंदाज देतो, कारखान्याचं नाव नाही.

किमतीबद्दल माझं मत पक्कं आहे: ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर कोणी काय मागतंय ते बघूच नका, विकलेल्या वस्तूंची यादी उघडा. मागणारा शेकडो डॉलर मागतो आणि तशीच वस्तू गेल्या महिन्यात चाळिसाला गेलेली असते. मधाळ पिवळा आणि ऑलिव्ह हिरवा अमाप बनले, म्हणून ते स्वस्त. थोडा काळच चाललेले रंग आणि जमिनीवर ठेवायच्या उंच सुरया महाग. सुरईचं मूळ बूच हरवलं असेल तर किंमत धाडकन खाली येते, आणि दुसरंच बूच बसवलेल्या सुरया खूप दिसतात. बूच सैल हलतंय का, रंग आणि जाडी जुळते का, हे खिडकीशी नेऊन बघावं. तोंडाच्या कडेवरून नख फिरवलं की डोळ्यांना न दिसणारा टवकाही लागतो. काच ओली किंवा तेलकट असेल तर आधी पुसून कोरडी करा. डिशवॉशरने आलेला धुरकटपणा ओलाव्याखाली लपतो आणि तो धुऊन जात नाही.

फेंटनने 2011मध्ये काच बनवणं थांबवलं, व्हायकिंगही राहिलं नाही. ब्लेन्कोची भट्टी मात्र चालू आहे. मुलांकडे या बाजूला येणार असाल तर मिल्टनला जरूर जा. ओल्या लाकडी साच्यात तापलेला गोळा उतरताना वाफेचा लोट उठतो, तो तिथे अगदी जवळून बघता येतो.