तुम्ही विचारलंत म्हणून : दवाखाना शनिवारी बंद का असतो

गोव्यात सांखळीतल्या माझ्या दवाखान्याच्या दारावर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुठ्ठ्याची पाटी लागते : 'शनिवारी दवाखाना बंद. डॉक्टर प्रशिक्षणाला गेले आहेत.' मग सोमवारी ठरलेला प्रश्न येतो. पेशंट कोकणीत विचारतात, "दोतोर, तुमी आजून शिकतात?" शेजारचे हार्डवेअरवाले मराठीत विचारतात, "डॉक्टर, साठी आली, आता कसल्या परीक्षा देताय?" फोंड्याची माझी बहीण मात्र फोनवर एवढंच विचारते, की जेवण काय होतं.

बहिणीचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दर 5 वर्षांत निदान 30 तास अशा शिक्षणाला द्यायचे असतात. आम्ही त्याला सीएमई म्हणतो. 30 तास भरणं मुळीच अवघड नाही. वहीत सही करायची, मागच्या रांगेत एसीखाली बसायचं आणि जेवायच्या वेळी जागं व्हायचं. असे पुष्कळ तास मीही भरलेत. पणजीतल्या एका सीएमईतली इसवणाची रव्यात तळलेली तुकडी मला अजून आठवते, व्याख्यानाचा विषय आठवत नाही.

आता जातो ते सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंमुळे. गाव सांगत नाही, लहान आहे.

बाई पन्नाशीच्या. कोरडा खोकला आणि चढ चढताना धाप. घरात चूल. मार्च ते मे काजूचा हंगाम, तेव्हा घरच्याच भट्टीवर हुर्राक आणि फेणी काढायची, म्हणजे तासन्‌तास धुरात बसून लाकडं सारायची. मी त्यांच्या कागदावर 'दमा' लिहिलं. धूर हे उत्तर इतकं तयार होतं, की दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलच्या गोळ्या दिल्या, जास्त झालं की आठवडाभर स्टेरॉइड. स्टेरॉइडनं त्यांना हमखास बरं वाटायचं आणि माझी खात्री आणखी पक्की व्हायची. असं काही वर्षं चाललं.

मग एका कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी स्पीकरवर छातीचे आवाज ऐकवले. शिट्टीसारखा, घुरघुरणारा, ओळखीचे सगळे. आणि मग एक बारीक, कोरडा, श्वास आत घेताना शेवटी येणारा. व्हेल्क्रोचा पट्टा हळूहळू उघडावा तसा. रक्तदाब मोजायचा पट्टा मी दिवसातून तीस वेळा उघडतो, तोच आवाज. आणि तोच मी माझ्या त्या पेशंट बाईंच्या पाठीवर, खालच्या बाजूला, कितीतरी वेळा ऐकला होता. त्याला मी 'कफ' म्हणत आलो होतो. कफ खोकल्यावर हलतो, जागा बदलतो. हा जागचा हलत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा आधी नखं पाहिली. बोटांची टोकं फुगीर, नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल. ती काही एका रात्रीत तशी झालेली नव्हती.

मग घराची चौकशी. 2017 मध्ये भारतातल्या 27 केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची नोंदवही प्रसिद्ध केली. तिच्यात जवळजवळ निम्मे रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले, म्हणजे श्वासावाटे गेलेल्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या कणांवर शरीर चिडतं आणि फुप्फुस सुजत जातं, तो आजार. त्या रुग्णांपैकीही सुमारे निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. हे ऐकून आल्यावर मी उत्साहानं चार दिवस सगळ्यांना कूलरबद्दल विचारत होतो. आमच्या दमट हवेत कूलर ठेवतो कोण? लोक माझ्याकडे बघत राहायचे. प्रश्न इथल्या घरांना बेतून विचारायला हवा होता : पावसाळ्यात भिंत कुठे ओलावते, गवत कुठे साठवता, कोंबड्या कुठे झोपतात, पारवे आहेत का.

पारवे होते. मुलानं हौसेनं पाळलेले, खुराडं खाटेच्या खिडकीला लागून, आणि झाडलोट रोज या बाईच करायच्या. स्टेरॉइडनं बरं का वाटत होतं तेही तेव्हा उलगडलं. सूज त्या औषधानं थोडी ओसरायची. दमा नव्हताच. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं, छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईनं दाखवणारा सीटी स्कॅन झाला, निदान ठरलं. पारवे गेले. सुजेचा भाग उपचारांनी उतरला. पण जिथे व्रण धरला होता तो भाग परत मऊ होत नाही.

म्हणून जातो. एखाद्या नव्या औषधासाठी चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकायची गरज नसते, ते कंपनीचे प्रतिनिधी घरपोच सांगतात. मला माझी तयार उत्तरं कुणीतरी हिसकावून घ्यायला हवी असतात.

इथल्या लोहखनिजाच्या खाणींचंच बघा. डिचोली-सत्तरीत डॉक्टरकी करायची आणि लाल धूळ ठाऊक नाही असं होत नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. या काळात लोकांनी धंदे बदलले. केसपेपरवर 'व्यवसाय' समोर आता 'दुकान' असतं, 'रिक्षा' असतं. दगडातल्या सिलिकाच्या धुळीचा आजार, सिलिकोसिस, मात्र काम सुटल्यावरही वर्षांनी वर येऊ शकतो. तेव्हा पहिल्या पगारापासून शेवटच्यापर्यंतची सगळी कामं ओळीनं विचारायची, हे मी एका कार्यशाळेत शिकलो. वेळ खातं. बाहेर रांग असते, आतले आजोबा चौथ्या नोकरीवर पोचलेले असतात. पण एक्स-रेवर वरच्या भागात ठिपके दिसले की टीबी म्हणून मोकळं होता येत नाही. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. थुंकी तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. ते करणारं ट्रूनॅट यंत्र आपल्याच गोव्यातल्या कंपनीचं आहे, हे मी पेशंटला उगाचच अभिमानानं सांगतो.

स्पायरोमीटर, म्हणजे फुंकीतली हवा मोजायचं यंत्र, मी त्यानंतर घेतलं. यंत्र घेणं सोपं निघालं. साल्बुटामॉलचे 400 मायक्रोग्रॅम द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पेशंटनं जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा. लक्षणं आहेत, वर्षानुवर्षांचा धूर आहे आणि हा आकडा 0.70 च्या खाली, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. जन्मात विडी न ओढलेल्या, फक्त चूल फुंकलेल्या किती बायकांना मी 'दमा' म्हणून परत पाठवलं असेल, हा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. पण फुंकताना पहिल्याच सेकंदात खोकला आला, सुरुवात बिचकत झाली, तरी यंत्र छान छापील आकडे देतं. चुकीचे. म्हणून निदान तीन चांगली फुंकणी लागतात, रोज 3 लिटरच्या सिरिंजनं यंत्र पडताळावं लागतं, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी शेजारी उभं राहून ओरडावं लागतं. माझी मदतनीस मुलगी एरवी हळू बोलणारी. "फुंका, फुंका, अजून, अजून" हा तिचा आवाज आता हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जातो.

आणि पंप. एक आजोबा महिनाभर पंपाच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. मी हसलो, मग आठवलं की मी त्यांना करून दाखवलंच नव्हतं, फक्त लिहून दिलं होतं. पुढच्या कार्यशाळेत एका तरुण नर्सनं आम्हा डॉक्टरांनाच पंप ओढायला लावला. मी नापास. "आधी श्वास पूर्ण सोडला नाहीत, आणि नंतर दहा सेकंद धरलाही नाहीत, डॉक्टर." सत्तावीस वर्षं मी लोकांना तो ओढायला सांगत होतो. त्यातही दम्याला नुसता निळा पंप पुरे, हा माझा जुना पाठ. 2019 मध्ये दम्याच्या उपचारांबद्दल जगभर सल्ला देणाऱ्या 'गिना' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी तो बाद केला : प्रौढ आणि किशोरवयीनांना नुसता साल्बुटामॉल नको, सोबत श्वासातून स्टेरॉइड हवंच. तो पाठ विसरायला मला दोन सीएमई लागल्या.

मागच्या सोमवारी पारव्यांच्या घरच्या त्या बाई आल्या. पाटी त्यांनीही पाहिली होती, शनिवारी बस बदलून फुकट आल्या होत्या. मी माफी मागितली. "कसलं शिकलात?" त्यांनी विचारलं. छातीचंच, म्हटलं. त्यांनी स्टुलावर बसून पाठ वळवली, पदर सावरला आणि मी सांगायच्या आधीच लांब श्वास घेतला. खाली दोन्ही बाजूंना तो आवाज अजून आहे, गेल्या वर्षी होता तिथपर्यंतच.