हरण्या उठला, पण औषधानं नाही

आमचा कुत्रा हरण्या पडला तेव्हा गल्लीनं त्याला पिसाळलेला ठरवून टाकलं होतं. त्यात गल्लीची चूक नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याचे मागचे पाय लटपटत होते. सकाळी बघतो तर उठता येईना, आणि भुंकायला तोंड उघडलं तर नुसता फुसका घोगरा आवाज. आपल्या भागात कुत्र्याचे पाय गेले आणि आवाज बदलला की पहिलं नाव रेबीजचंच घेतात. घ्यायलाच हवं.

निपाणीजवळ आमचं गाव. ऊस, तंबाखू, थोडा भुईमूग. हरण्या मुधोळ जातीचा. मुधोळ तालुक्यातल्याच एका घरातून पिल्लू असताना आणलेला. घोरपडे संस्थानिकांनी जपलेली ही जात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला तिच्यासाठी सरकारी संशोधन केंद्रही आहे. शिकारी कुत्रा म्हणतात खरं, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सशामागं कुत्रं सोडणं हा गुन्हाच. हरण्याचं काम रानातली राखण आणि पहाटे बांधावरून मनसोक्त पळणं. म्हणून तो असा चिंध्यासारखा पडलेला बघून पोटात गोळा आला.

शेजारचे तात्या म्हणाले, "वारं गेलंय अंगावरनं. तेल गरम करून चोळ." दुसऱ्या एकानं ओढ्यापलीकडं टाकून यायचा सल्ला दिला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मूळचे बागलकोट बाजूचे. आल्या आल्या कानडीत "अंजब्याडरी", म्हणजे घाबरू नका, म्हणाले, पण हातमोजे चढवल्याशिवाय कुत्र्याजवळ गेले नाहीत. त्यांचा हा धीर आणि ही सावधगिरी, दोन्ही मला एकदम पटलं.

त्यांनी मागच्या पायांची बोटं चिमट्यानं दाबली. हरण्याला पाय मागं ओढता आला नाही, पण मान वळवून तो जोरात कण्हला. म्हणजे दुखणं कळत होतं, हलवणं जमत नव्हतं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. ताप नव्हता. जबडा लोंबत नव्हता, लाळ गळत नव्हती. आणि या सगळ्यात शेपूट मात्र हलत होती! मी नाव घेतलं की वाकळीवर शेपटीचा धपधप आवाज. लघवी थेंबथेंब सांडत नव्हती, बाहेर उचलून नेलं की नीट व्हायची. भूक तर नेहमीपेक्षा जास्त.

एकेक शक्यता डॉक्टर माझ्यासमोर खोडत गेले. मण्यार चावली असती तर काही तासांतच श्वासापर्यंत गोष्ट गेली असती. उसाच्या फवारणीचं विष असतं तर लाळ, जुलाब, अंगाला कंप. मणका मोडला असता तर बहुतेक लघवीवरचा ताबा गेला असता. गोचिडांमुळं लुळं पडणाऱ्या कुत्र्यांचं ऐकलं होतं, म्हणून कानात, बोटांच्या बेचक्यांत शोध घेतला. अंग स्वच्छ होतं. राहिला रेबीज. दरवर्षीची लस झालेली होती, तरी त्यांनी तो खोडला नाही. म्हणाले, लस झाली म्हणून गाफील राहायचं नाही. हरण्या शेडात वेगळा, पोरं लांब, तोंडात कुणी हात घालायचा नाही. माझ्या पुतण्याच्या बोटाला खरचटलेलं होतं आणि त्यानंच सकाळी त्याला भाकरी भरवली होती. त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. नंतर निष्कारण वाटली तरी चालेल, अशी ही एकच लस. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. ते दहा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. हरण्याचे पुढचे पायही त्यातच गेले. पण तो खात होता, ओळखत होता, आणि दहा दिवस उलटून गेले तरी जिवंत होता.

मग डॉक्टरांनी नाव सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव, मज्जातंतूंच्या मुळांना सूज येण्याचं. अमेरिकेत रॅकून नावाच्या रानटी प्राण्यामागं पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांना रॅकून चावल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी असा लकवा होतो. १९५० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्याकडं रॅकून कुठला? पण रॅकूनशिवायही हा होतो. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. मला पटकन कळावं म्हणून ते म्हणाले, "पुण्याचं जीबीएस आठवतंय?" जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, माणसांना होणारा असाच लकवा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड परिसरातल्या त्याच्या बातम्यांनी आमच्याकडंही सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली होती. त्याच आजाराचा हा कुत्र्यांमधला भाऊ.

नाव कळलं म्हणून औषध मिळालं असं झालं नाही. माणसांना इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं देतात. कुत्र्यांतही कुठं कुठं देऊन पाहिली आहेत, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पाठीतलं पाणी काढून तपासायचं तर बेंगळुरूच्या हेब्बाळ नाहीतर मुंबईच्या परळच्या कॉलेजात विचारावं लागलं असतं. एवढा प्रवास, त्यात भूल, आणि या सडपातळ जातीला भूल फार जपून द्यावी लागते. डॉक्टर नको म्हणाले, मीही नकोच म्हणालो. ओळखीतले दोघंतिघं "स्टेरॉईड मारा, उभा राहतोय बघा" म्हणून मागं लागले. डॉक्टरांनी ठाम नकार दिला: या आजारात स्टेरॉईडनं दिवस कमी होत नाहीत, आधीच वाळत चाललेलं मांस मात्र आणखी झडतं. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, तीही "तुमच्या समाधानासाठी" असं सांगून. असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

तेव्हा उरली ती सेवा. मुधोळ म्हणजे आधीच हाडं आणि कातडं. एका कुशीवर पडून राहिला की ढोपराला, खुब्याला लगेच जखम होते. खाली उसाचं पाचट, त्यावर पोती, वर दोन वाकळा. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आम्ही घरातल्यांनी पाळ्या लावल्या. रात्रीची पाळी बहुतेक आईची, कारण तिला तशीही झोप येत नाही. खायला घालताना त्याला पोटावर बसवून दोन्ही बाजूंनी उशा लावायच्या आणि मान उचलून धरायची. आडवं पडून खाल्लं तर घास श्वासनळीत जातो, मग न्यूमोनिया. त्यानंही कुत्री जातात. दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेली अंडी, पाणी थोडं थोडं. ओली वाकळ लगेच बदलायची. दिवसातनं तीन-चारदा प्रत्येक पाय सायकल मारल्यासारखा हलवायचा, सांधे आखडू नयेत म्हणून. हात लावला की तो कळवळायचा, कारण या आजारात कातडी उलट जास्त हळवी होते. सुरुवातीला त्याच्या कण्हण्यानं माझेच हात थांबायचे. मग हळू, पूर्ण तळव्यानं धरायला शिकलो.

एका रात्री छाती हलायची जवळपास थांबली, नुसतं पोट वरखाली होत होतं. श्वासाचे स्नायू गेले की यंत्राशिवाय इलाज नाही, आणि ते यंत्र आमच्या जवळपास कुठं नव्हतं. उशाला बसून राहण्यापलीकडं काही हातात नव्हतं. पहाटे श्वास सुधारला. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

सुधारणा इतकी हळू झाली की रोज बघणाऱ्याला दिसेना. आधी मान सावरली. मग आवाज आला. मांजर बघून एकदा खणखणीत भुंकला आणि आई देवाला साखर ठेवायला धावली. पुढचे पाय आले. मागचे, जे आधी गेले होते, ते शेवटी. पोटाखालून टॉवेल घालून उभा करायचो. पाऊल टाकताना नख्या जमिनीवर घासून रक्त यायचं, म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून मोजे केले. मान भक्कम झाल्यावर वेदगंगेच्या उथळ पाण्यात धरून चालवला. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, तिथं तो जमिनीच्या आधी चालला. सगळ्याला काही महिने गेले. मांड्या अजून पूर्वीसारख्या भरलेल्या नाहीत, वळणावर मागचा भाग जरा घसरतो, पण पळतो.

कारण काय, हे हरण्याच्या बाबतीत ठामपणे कुणी सांगू शकणार नाही. पडण्याआधी काही दिवस त्याला जुलाब झाले होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या एका अभ्यासात, हा आजार झालेल्या कुत्र्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या ९.४ पट निघाली, आणि संशय कच्च्या कोंबडीवर, त्यातही मानांवर गेला. पुण्याच्या रुग्णांतही हाच जीवाणू सापडला होता. आमच्याकडं चिकन सेंटरमधल्या मुंड्या-पाय कुत्र्यांना कच्चेच घालायची सर्रास पद्धत आहे. आता परड्यात वेगळं पातेलं आहे, सगळं उकळूनच पडतं. हा आजार उलटून पुन्हा होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

कुठून कुठून नंबर मिळवून लोक आता मला फोन करतात. मी आधी विचारतो: शेपूट हलते का? गिळतंय का? परवा संकेश्वर बाजूचे एक जण म्हणाले, पाय गेलेत, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तुम्ही काय काय केलंत ते सांगा. त्यांना म्हटलं, हा रेबीज असू शकतो, माझं काही ऐकू नका. कुत्र्याला हात लावू नका, पोरांना लांब करा, डॉक्टरांना बोलवा, आणि ज्या कुणाला लाळ लागली असेल त्यानं साबणानं पंधरा मिनिटं हात धुवून आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा.