ढास

दुपारी जिन्यात कुणीतरी खोकलं आणि मी आतूनच म्हटलं, विडीवाला. बायकोनं नेहमीसारखं दुर्लक्ष केलं. पण मला कळतं. सर्दीचा खोकला वरवरचा असतो, हा पार तळातून खरवडत वर येतो.

आमच्या आजोबांचा, अण्णांचा, पहाटे सुरू व्हायचा. आधी नुसतं खाकरणं, मग ढास लागायची ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. न्हाणीत चूळ भरून झाली की चुलीपुढे बसायचे. पावसाळ्यात विड्या सादळतात म्हणून बंडल तिथेच उबेला ठेवलेलं असायचं. त्यातली एक काढून दोन बोटांत फिरवायची, कानाशी नेऊन चुरचुर ऐकायची, मग काडी. दोन झुरक्यांत खोकला गप्प. "कफ मोकळा होतो," म्हणायचे. आजी चहा गाळता गाळता "हो, होतो तर!" एवढंच म्हणायची.

गंमत म्हणजे त्यांना आराम पडायचा तो खराच. श्वासनलिकेला आतून सूक्ष्म केस असतात, ते कफ आणि धूळ वर ढकलत राहतात. धुरानं ते लुळे पडतात. रात्रभर विडी नाही, म्हणून पहाटे जरा हुशारतात आणि साचलेलं बाहेर काढू लागतात. तीच ती ढास. पहिली विडी म्हणजे झाडायला आलेल्या बाईला दारातूनच परत पाठवणं.

त्यात विडी सारखी विझते. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती जागती ठेवायला जोरानं आणि घडीघडी ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी, पण छातीत जाणारा धूर कमी नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अण्णा चढावर थांबून उगाच कुणाच्या तरी शेताची चौकशी करायचे, ते त्यामुळे.

एकदा डॉक्टरांनी दम भरला आणि अण्णांनी विडी सोडली. खोकला वाढला! सोडल्यावर काही आठवडे तो वाढू शकतो, ते केस पुन्हा कामाला लागलेले असतात. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. "बघा, सोडली आणि बाधली," असं गावभर सांगत त्यांनी पुन्हा बंडल आणलं. शेवटी शेवटी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचे. फुफ्फुसातले हवेचे फुगे एकदा फाटले की पुन्हा धरत नाहीत.

मामानं मात्र त्याच वाढलेल्या खोकल्यात कळ काढली. आता पंचाहत्तरीत आहे, जिना न थांबता चढतो. पारावर कुणी विडी पेटवली की मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसतो. वासाला, म्हणतो. दुसऱ्याचा धूरही बाधतो, हे सांगून झालंय.

"बरं," म्हणतो आणि आणखी थोडा सरकतो.