चिकनवर संशोधन आणि कागदापायी गेलेला उन्हाळा : माझा अनुभव

दुकानात मिळणाऱ्या चिकनचा दर्जा आणि त्यातले जंतू हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. नमुने कसे घेतले, कुठली पद्धत वापरली, सामान कुठून आणलं असं विचारणारे मेसेज मला सारखे येतात. ते सगळं सांगते, पण आधी एका कागदाचं सांगते. हा विषय घेणाऱ्याचा वेळ तिथेच जाणार आहे, आणि माझा त्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. अन्नातले बहुतेक घातक जंतू ५ ते ६० अंशांच्या मधे वाढतात आणि पस्तीस-चाळीसच्या आसपास त्यांचं फारच फावतं. म्हणजे उन्हाळ्यात नांदेड, वसमत, हिंगोली इथल्या कुठल्याही दुकानातला ओटा जंतूंना अगदी हवा तसा तापलेला असतो. त्यात पाण्याची बोंब. एका दुकानदार चाचांना मी ड्रममधलं पाणी दिवसातून किती वेळा बदलता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ताई, आठ दिसाला नळ येतो. टँकरचं पाणी इकत घेतो. बदलू कशानं?" त्यांचं काही चुकत नव्हतं. कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापतात, ताजी असते, चोख वजन करून देतात. पण सत्तूर, लाकडी ठोकळा, हात पुसायचं फडकं आणि ते ड्रममधलं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत तेच. पहिल्या कोंबडीच्या आतड्यातलं शेवटच्या कोंबडीच्या मांसापर्यंत पोहोचायला एवढं पुरतं. म्हणून मला त्याच दुकानांतून उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नमुने घेऊन तुलना करायची होती. या अभ्यासाचा जीव उन्हाळ्यात होता.

विषय मंजूर झाला, मार्गदर्शक सरांनी आराखडा एका बैठकीत पास केला, सादरीकरण झालं. फाईल विभागात गेली आणि एका शेऱ्यावर अडकली : "प्राणी नैतिकता समितीची मान्यता जोडावी."

शीर्षकात 'ब्रॉयलर कोंबडी' हे शब्द होते, तेवढ्यावरून हा शेरा. मी टेबलापाशी जाऊन सांगितलं की मी एकही कोंबडी पाळणार नाही, टोचणार नाही, मारणार नाही. चार गिऱ्हाइकांसारखी रांगेत उभी राहून पैसे देऊन चिकन आणणार आहे. समोरच्या मॅडमचं एकच, "कोंबडी प्राणी आहे ना? मग मान्यता लागते. तुम्ही आणा, मी लगेच फाईल पुढं पाठवते."

गेले समितीच्या कार्यालयात. तिथला अर्ज कित्येक पानांचा. प्राण्यांची संख्या किती, कुठून आणणार, पिंजऱ्याचं माप काय, भूल कशाने देणार, प्रयोगानंतर विल्हेवाट कशी लावणार. मी प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. तिथल्या गृहस्थांनी अर्ज चाळला आणि परत दिला. "जिवंत प्राणी नाहीच, तर अर्ज आमच्याकडं कशाला? हा विषय बैठकीत ठेवता येत नाही." मी म्हटलं, मग तेवढंच लिहून द्या. म्हणाले, "अर्जच स्वीकारला नाही, तर पत्र कशाच्या संदर्भानं देऊ? जावक नंबर कशावर टाकू?"

परत विभागात. "त्यांनी तोंडी सांगितलं, त्याला काय अर्थ आहे? लेखी आणा." परत समितीत. "बैठक होऊ द्या, बघू." बैठक कधी? तारीख ठरलेली नाही. मधे कोणी रजेवर, कोणी परीक्षेच्या कामावर. फाईल पुढं सरकत नव्हती, म्हणून खरेदीही होत नव्हती. माध्यमं (जंतू वाढवायचं खाद्य), पेप्टोन वॉटर, निर्जंतुक पिशव्या या सगळ्यांची कोटेशनं आली होती, पण मंजुरीशिवाय ऑर्डर निघेना. एका पुरवठादाराच्या दराची मुदत संपली. ते कोटेशन परत मागवलं तर दर वाढवून आला.

आणि बाहेर एप्रिल सरत होता. घरी जाताना त्या दुकानांवरूनच वाट. भर दुपारी ठोकळ्यावर माशा घोंगावताना दिसायच्या, उरलेलं चिकन ओल्या पोत्याखाली झाकलेलं असायचं, आणि मला वाटायचं, आत्ता, या घटकेला इथला नमुना प्रयोगशाळेत हवा होता. लोकांच्या पोटात रोज काय जातं ते मोजायचं काम मी करायला निघाले होते आणि मला वाट बघत बसवलं होतं ते कायद्यात नसलेल्या एका कागदासाठी. पावसाळ्याचा नमुना उशिरा घेतला तरी चालतो, पावसाळा चार महिने असतो. मे हातचा गेला की वर्ष गेलं. विभागात मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. "पुढच्या वर्षी घ्या की," असं उत्तर मिळालं. फेलोशिपला मुदत असते, हे त्या टेबलाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सुटका एका जुन्या पशुवैद्यक सरांमुळे झाली. अशा समित्यांवर त्यांनी पूर्वी काम केलेलं. माझी सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच वाक्य सांगितलं : "मान्यता मागू नकोस, मान्यतेची गरज नाही असा दाखला माग." मग मी मूळ कायदाच काढून वाचला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या कलम २ मध्ये प्राण्याची व्याख्या माणूस सोडून कोणताही जिवंत जीव अशी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम १९९८ मध्ये आले ते याच कायद्याखाली. दुकानात कापून, सोलून, तराजूवर ठेवलेलं चिकन त्यात येण्याचा प्रश्नच नाही. त्या दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढल्या, संबंधित ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि विभागप्रमुखांमार्फत, समितीच्या अध्यक्षांच्या नावाने एका पानाचा साधा पत्रवजा अर्ज दिला. समितीचा छापील अर्ज या वेळी हातातही धरला नाही.

पत्राला संदर्भ मिळाला, त्यामुळे जावक नंबरही मिळाला. दोन ओळींचं उत्तर आलं : सदर संशोधनात जिवंत प्राण्यांचा वापर नाही, सबब समितीच्या मान्यतेची आवश्यकता नाही. हेच मी पहिल्या दिवसापासून तोंडाने सांगत होते. ते पत्र हातात आलं तेव्हा मी जिन्यातच बसले आणि सरांना फोन लावला. मे संपत आला होता. मृगाच्या आधीचे थोडेच दिवस उरले होते आणि ते मी एकही वाया जाऊ दिले नाहीत. माझा उन्हाळ्याचा संच पूर्ण झाला, याचा मला आजही अभिमान आहे.

तेव्हा हा विषय घेणार असाल तर आराखड्यासोबतच हा दाखला मागून ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला कागद तुम्ही दिलेलाच नसतो. आणि शीर्षकात 'कोंबडी'ऐवजी 'किरकोळ विक्रीचे कुक्कुट मांस' लिहिलं तर निम्मं काम तिथेच होतं.

आता नमुन्यांचं. दुकानदाराला आधी खरं सांगा. मी प्रत्येकाला सांगितलं की तुमचं नाव कुठेही येणार नाही, दुकानाला फक्त नंबर असेल आणि मी सरकारी तपासणीची माणूस नाही. दोघांनी नाही म्हटलं, बाकीच्यांनी चहा पाजला. मांस त्यांनीच, त्यांच्याच सत्तुराने कापलेलं घ्यायचं, पण पिशवी आपली निर्जंतुक. काळ्या पिशवीत घेतलं तर पिशवीतले जंतू मोजत बसाल. बर्फाच्या खोक्यात जेलपॅक हवेत. सुटा बर्फ वितळतो आणि पाणी पिशवीत शिरायची भीती राहते. खोक्यात थर्मामीटर ठेवा आणि पोहोचल्यावर आकडा वहीत लिहा, परीक्षक तो विचारतातच.

साल्मोनेला हा चिकनमधून पोट बिघडवणारा जंतू. त्याच्यासाठी २५ ग्रॅम मांस २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, ३७ अंशांवर साधारण १८ तास. उन्हाने, थंडीने, मिठाने दुबळे झालेले जंतू इथे सावरतात. ही पायरी गाळली तर असलेला साल्मोनेला दिसत नाही आणि आपण चिकन निर्धोक म्हणून मोकळे होतो. त्यानंतर निवडक माध्यमं (इतर जंतूंना दाबून साल्मोनेलाला वाढू देणारी), त्यातलं एक ४१.५ अंशांवर, मग एक्सएलडी आगरच्या, म्हणजे साल्मोनेला रंगाने ओळखू येईल अशा घट्ट माध्यमाच्या, प्लेटा. लालसर प्लेटवर काळ्या मध्याच्या वसाहती (जंतूंचे पुंजके) पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ त्या प्लेटकडे बघत होते. गुलाबी कडा आणि मधे काजळाचा ठिपका. पण एवढ्यावर निकाल लिहू नका. प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टर हे दुसरे जंतूही काळा मध्य दाखवू शकतात. युरियेज चाचणी केली की प्रोटियस लगेच वेगळा पडतो. टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न) चाचणी करा, मग साल्मोनेलाचं सिरम लावून खात्री. पुढचं सिरोटायपिंग, म्हणजे साल्मोनेलाचा नेमका उपप्रकार, हवं असेल तर कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेलाचं राष्ट्रीय केंद्र आहे. पाठवण्याआधी तिथे बोलून घ्या, आणि कुरिअरवाला जंतूंचं पार्सल घेईल का हे त्याहून आधी विचारा.

एक्सएलडी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचं नाही, उकळी येईपर्यंतच तापवायचं. बाटलीवर लिहिलेलं असतं, तरी घाईत कोणीही घालतं.

आमच्या हवेची एक अडचण पुस्तकात नाही. एकूण जंतूंच्या मोजणीसाठी प्लेटा ३० अंशांवर ७२ तास ठेवायच्या असतात. साधा इनक्युबेटर (ठरावीक तापमानाला प्लेटा ठेवायची पेटी) फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला पोहोचते, मग आत ३० कुठून येणार? थंड करणारा बीओडी इनक्युबेटर लागतो. तो नसेल तर उन्हाळ्याचे आकडे पावसाळ्याच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. वीज जाते तेव्हाची वेळही वहीत टिपा. इनव्हर्टर मिळाला तर तो आधी इनक्युबेटरला, मग पंख्याला.

दर्जाच्या मोजमापात पीएच मीटर, म्हणजे आम्लता मोजणारं यंत्र, सगळ्यात उपयोगी. आम्ल वाढलं की पीएच उतरतो. उन्हातून, ट्रकवरच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने आलेली कोंबडी धापा टाकत असते. तशीच कापली तर मांस गरम असतानाच त्यात आम्ल भराभर तयार होतं, पीएच वेगाने उतरतो, प्रथिनं बिघडतात आणि मांस पाणी धरून ठेवत नाही. ते फिकट, मऊ, ओलसर दिसतं. घरी "यंदा चिकनला फार पाणी सुटतंय" म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. दुकानदाराने पाणी मारलं असा संशय घेण्याआधी हेही तपासायला हवं. कोंबडी सावलीत थोडी विसावू दिली, प्यायला पाणी दिलं तर फरक पडतो. हे सांगितल्यावर दोन दुकानदारांनी पिंजऱ्यावर हिरवी जाळी टाकली. इलेक्ट्रोड मात्र प्रत्येक नमुन्यानंतर धुवा, चरबी चढली की तो खोटं सांगतो.

सापडलेले जंतू प्रतिजैविकांना दाद देतात की नाही ही चाचणी शक्य असेल तर जरूर करा. कोलिस्टिन हे औषध माणसांसाठी शेवटच्या फळीतलं. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. आपल्या भागातले जंतू कशाला जुमानत नाहीत हे कळायला हवं. फक्त कोलिस्टिनला डिस्क पद्धत (प्लेटवर औषधाची चकती ठेवून बघणं) विश्वासाची नाही, त्यासाठी द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण कमी-जास्त करून जंतू कितीला थांबतात ते मोजावं लागतं.

घरच्यांना मी काय सांगते तेही विचारतात. चिकन नळाखाली खळाखळा धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोथिंबिरीवर जातात. कापायची पाटी आणि सुरी कांदा-टोमॅटोला वेगळी. शिजवताना सगळ्यात जाड तुकड्याच्या आतपर्यंत ७४ अंश उष्णता गेली पाहिजे. रस्सा रटरटला म्हणजे हाडाजवळचं शिजलंच असं नाही.

ज्या चाचांनी टँकरचं सांगितलं, त्यांना निकाल हवा होता. त्यांच्या नंबरचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. पाणी वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून आम्ही असलेल्या पाण्याची वाटणी बदलली : सत्तुरासाठी छोट्या बादलीत कडक गरम पाणी, आतडी काढायला वेगळी जागा, फडक्याच्या जागी धुतलेल्या सुती तुकड्यांची चवड, रात्री ठोकळा खरवडून मीठ लावून सकाळी उन्हात. खर्च जवळपास नाही. आखाडात त्यांच्याकडे रांग लागते, तेव्हाही ती बादली ठोकळ्याशेजारी होती. त्या आठवड्याचा नमुना मी मुद्दाम घेतला आहे. त्याची मोजणी चालू आहे, आकडे आले की इथेच लिहीन.